न निघालेला निरोप

"रिपोर्टना मेसेज धाडेल शे ना, आजी. हाई दखा, हिरवी खूण," लॅबच्या काउंटरवर बसणाऱ्या अतिकाने स्क्रीन वळवून दाखवली.

दगूबाईने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने कमरेच्या पिशवीतून बटणांचा मोबाईल काढला, पदराने पुसला आणि काउंटरवर ठेवला. डोंगरातल्या मोलगीच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची ही म्हातारी. घरात भिली बोलणारी. खाली उतरली की बाजारात शिकलेली मराठी काढायची.

"मेसेज नाय आला," ती म्हणाली. "परवापासून पोरीकडे आहे, इथंच, शहाद्यात. कंपनीवाल्याचा येतो, गाणं लावा म्हणतो. तुमचा नाय येत."

"डोंगरमा रेंज नही ऱ्हास, म्हनीसन..." अतिकाने नेहमीचं उत्तर सुरू केलं आणि मध्येच थांबली. समोरच्या मोबाईलवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या.

मागे, पंख्याखाली, लॅबचा प्रिंटर उघडून बसलेल्या रंजिताचेही हात थांबले. बोटं शाईने काळी झाली होती. ती तशीच उठून काउंटरपाशी आली.

रंजिता कोरीटच्या गिरधर पाटलांची लेक. शहाद्याच्या कॉलेजात कम्प्युटर शिकली, पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि लग्नानंतर जवळच्या प्रकाशा गावी आली. नवरा हेमकांत शाळेत क्लार्क. नोकरी सोडताना पुण्याच्या साहेबांनी विचारलं होतं, तिकडे जाऊन करणार काय? बघू, एवढंच ती म्हणाली होती. पण काम आपणहून तिच्या दाराशी येत गेलं. खताच्या दुकानाची बिलं, पपईच्या व्यापाऱ्याचा गाड्यांचा हिशोब, आणि शहाद्याच्या डॉ. शहाबानो यांच्या लॅबचं हे सॉफ्टवेअर. गावात बायका विचारायच्या, तुन्ही सून दिवसभर काय करस? सासू सुंदरबाई ठसक्यात सांगायची, "ती कम्प्युटरले कामले लावस."

लॅबचं काम रंजिताच्या विशेष जिव्हाळ्याचं होतं. मॅडम डोंगरातल्या बाजारांच्या दिवशी रक्ततपासणीची शिबिरं घेत. पूर्वी रिपोर्ट न्यायला माणसाला पुन्हा जीपने खाली यावं लागे. एक दिवस मोडायचा, मजुरी बुडायची, आणि रिपोर्टमध्ये बहुधा काही नसायचंच. रंजिताने सोय केली होती. रिपोर्ट तयार झाला की साध्या मराठीत मेसेज जाणार. ठीक असेल तर तसं, नसेल तर कुठे जायचं ते.

आणि आता ही म्हातारी म्हणत होती, तुमचा मेसेज येत नाही.

अतिकाला दोष देणं रंजिताला जमेना. कारण रेंजचं उत्तर अतिकाचं नव्हतं, तिचंच होतं. मोलगीचा आरोग्यसेवक सुकराम याने शिबिरानंतर फोन केला होता, लोक विचारताहेत म्हणून. तेव्हा तिनेच म्हटलं होतं, दादा, रेंज नसेल. अतिकाने तर त्याच्यावरच ढकललं होतं, नंबर चुकवता तुम्ही. बिचाऱ्याने फोन ठेवून दिला होता.

"अतिका, ह्यांचा नंबर वाच बरं."

अतिकाने स्क्रीनवरचा नंबर वाचला. दगूबाईला आपला नंबर पाठ नव्हता. म्हणून अतिकाने आपल्या मोबाईलवरून तो लावून पाहिला. काउंटरवरचा मोबाईल थरथरला, वाजू लागला. दगूबाईने तो उचलून कानाला लावला.

"कोण?" ती समोर उभ्या असलेल्या अतिकाकडे बघतच म्हणाली.

"मी, आजी," अतिका म्हणाली.

दोघींनाही हसू आलं. रंजिताला आलं नाही. नंबर बरोबर होता, रेंज होती, मोबाईल वाजत होता, आणि तिचं सॉफ्टवेअर हिरवी खूण दाखवून खोटं बोलत होतं.

"मॅडम, प्रिंटर राहू द्या," तिने आतल्या खोलीकडे आवाज दिला. "मी मेसेज बघते आधी."

सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता मॅडम म्हणाल्या, "काय झालं?"

"तेच माहीत नाही."

ते खरंच होतं. मेसेज पाठवण्याचं प्रत्यक्ष काम रंजिताने लिहिलेलं नव्हतं. ते कोणीच स्वतः लिहीत बसत नाही. त्यासाठी तयार लायब्ररी मिळते. दूरच्या कुणी लिहून ठेवलेला आणि हजारो लोक वापरतात तसा कोड. लायब्ररीच्या हाती नंबर आणि मजकूर द्यायचा, पुढचं ती पाहते. ही लायब्ररी मोठी अबोल होती. आभाळ कोसळलं तरच तोंड उघडायची. तिला बोलतं करायची सोय होती, डीबग लॉगिंग. ते चालू केलं की ती आपलं प्रत्येक पाऊल लिहून दाखवते: हे घेतलं, हे तपासलं, हे दिलं. पण ते रंजितानेच बंद ठेवलं होतं. सॉफ्टवेअर नवं होतं तेव्हा काळ्या खिडकीतून सरसर सरकणाऱ्या ओळी पाहून मॅडम दचकल्या होत्या, "हे काय, व्हायरस आला का?" कटकट नको म्हणून तिने तोंड बंद करून टाकलं, आणि सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसत राहिलं.

रंजिता काउंटरच्या कम्प्युटरसमोर बसली. सेटिंगची फाईल उघडली. त्यात लायब्ररीच्या नावापुढचा एक शब्द खोडून तिथे 'डीबग' लिहायचं, एवढंच काम. शब्द लिहिताना तिच्या लक्षात आलं, आपल्याला भीती वाटते आहे. बंद होतं तोवर दोष रेंजचा होता, डोंगराचा होता, सुकरामचा होता. आता तो कुणाचा ते लिहून येणार होतं.

तिने सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं आणि दगूबाईच्या नावापुढचं 'पुन्हा पाठवा' दाबलं.

ओळी सरकल्या. इंग्रजीत होत्या, पण सरळ होत्या. संदेश मिळाला. नंबर तपासत आहे. नंबरात एकही आकडा नाही. वगळला. काम पूर्ण.

आणि वर स्क्रीनवर हिरवी खूण.

"काय म्हनी ऱ्हायना?" अतिका खांद्यावरून वाकली.

"म्हणतो, नंबरात आकडाच नाही."

"हाऊ काय आंधळा शे का? हाई दहा आकडा शेतस ना."

दहाच्या दहा आकडे समोर होते. स्वच्छ मराठीत. रंजिता त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने तोच नंबर कीबोर्डवरून नव्याने टाकला आणि पुन्हा पाठवलं. या वेळी ओळी लांबत गेल्या. संदेश घेतला, दिला, पोचला. काउंटरवर दगूबाईचा मोबाईल टुण्ण वाजला.

"आला," दगूबाई म्हणाली.

अतिकाने तिला तो वाचून दाखवला. रक्त चांगलं आहे, काळजी नको. दगूबाईने मान हलवली, मोबाईल पिशवीत टाकला आणि ऊन वाढायच्या आत पोरीकडे जायला निघाली. तिच्यापुरतं काम झालं होतं.

रंजिताचं व्हायचं होतं. तिने जुना नंबर आणि नवा नंबर कच्च्या रूपात, म्हणजे मुळात टाकले होते तसे, शेजारी शेजारी ठेवले, आणि तिला ते दिसलं. नवा इंग्रजी आकड्यांचा होता. जुना मराठी आकड्यांचा. या उन्हाळ्यात मॅडमनी सुकरामला टॅब दिला होता. त्याआधी शिबिरातली नावं कागदावर यायची आणि अतिका ती इथे बसून टाकायची, इंग्रजी आकड्यांत. सुकरामने टॅबवर मराठी कीबोर्ड लावला असणार. शाळेत शिकला तशी नावं शुद्ध मराठीत, आणि नंबरही मराठीत. त्यात त्याचं काय चुकलं? लायब्ररी लिहिणाऱ्याच्या मनात मात्र असे आकडे असतात हे कधी आलंच नसावं. आणि इथे कुणाला फरक दिसणार कसा? रंजितानेच सगळ्यांच्या सोयीसाठी स्क्रीनवर प्रत्येक आकडा मराठीतच दाखवायची व्यवस्था केली होती.

"म्हंजे टॅबवरनं आलेले सगळेच?" अतिकाने हळू विचारलं.

रंजिताने कीबोर्ड पुढे ओढला. कुणालाही मेसेज न धाडता नुसती तपासणी करायची अशी एक आज्ञा देऊन तिने मोलगीच्या मागच्या शिबिराची सगळी नावं लायब्ररीपुढे टाकली. वगळला. वगळला. वगळला. ओळी थांबेनात. बहुतेकांचे रिपोर्ट साधे होते. मग एका नावापुढे लाल खूण दिसली. फुलीबाई. वय एकवीस. गरोदर, आठवा महिना. हिमोग्लोबिन इतकं कमी की आकडा वाचून रंजिताला ते टायपिंगची चूक वाटली.

ती उठून आत गेली. "मॅडम, फुलीबाई म्हणून एक पेशंट. मोलगी शिबिर."

"हो, मी स्वतः सही केली त्यावर. ताबडतोब भरती व्हायला सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. मग रंजिताचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा काढला. "सांगितलंय ना?"

"नाही मॅडम. मेसेज गेलाच नाही. त्या शिबिराचा एकही गेला नाही. माझ्या सॉफ्टवेअरने गेला म्हणून दाखवलं."

मॅडमनी चष्मा टेबलावर ठेवला. "ते नंतर," त्या उठत म्हणाल्या. "आधी ती कुठे आहे ते बघा."

अतिकाने फुलीबाईने दिलेला नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. रंजिताने सुकरामला फोन लावला. तो लागला. मागे गलका होता, कोंबड्या, जीपचे हॉर्न. आज मोलगीचा बाजार होता.

"बोला ताई," सुकराम म्हणाला. रंजिताशी तो नेहमी शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलायचा, तिच्याहून शुद्ध.

"सुकरामदादा, फुलीबाई आठवते? शिबिरातली. गरोदर होती."

"आठवते. जान्याची बायको. वरच्या पाड्यावर राहते."

"तिला आजच्या आज दवाखान्यात न्यायला पाहिजे. रक्त फार कमी आहे. मेसेज पोचला नाही. आमच्याकडची चूक आहे दादा, तुमचे नंबर बरोबर होते. सगळे बरोबर होते."

 "बरोबर होते," सुकराम स्वतःशी म्हणाल्यासारखं म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "पाड्यापर्यंत गाडी जात नाही. पण आज बाजार आहे. पाड्याची माणसं उतरली असतील. विचारतो."

अतिकाने मोबाईल जवळजवळ हिसकावून घेतला. "दादा, मी त्या दिवशी तुमले बोलनू ते..."

"ते मग, ताई. जीपा सुटायला लागल्या आहेत," आणि फोन बंद.

नंतरचा वेळ कुणाच्याच हातात नव्हता. मॅडमनी नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात फोन करून रक्तगट सांगून ठेवला. अतिका काउंटरवर येणाऱ्यांना नावं विचारत होती आणि एकाच माणसाला दोनदोनदा विचारत होती. रंजिता मात्र कोड दुरुस्त करायला बसली. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. लायब्ररीच्या हाती नंबर देण्याआधी मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करायचे, दोन-चार ओळींचं काम. एरवी चहा होईस्तोवर झालं असतं. आज बोटं चुकत होती. मनात एकच हिशोब चालला होता. शिबिर झालं तो मागच्या आठवड्याचा बाजार. आठवा महिना तेव्हाचा. पाड्यावरची चढण. डोक्यावर पाण्याचा हंडा घेतला असेल का तिने? घेतलाच असेल, नाही तर कोण आणणार?

दोनदा फोन वाजला. एकदा प्रिंटरवाला, एकदा हेमकांत, जेवली का विचारायला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मॅडम स्वतः बाहेर येऊन उभ्या राहिल्या. सुकराम होता. आवाज तुटत होता.

"ताई... जीपमध्ये... बसली होती..."

"कोण? दादा, कोण बसली होती?"

"फुलीबाई. बाजाराला आली होती नवऱ्याबरोबर. परतीच्या जीपमध्ये बसली होती, गाडी चालू होती. मी पुढे जाऊन उभा राहिलो." त्याला धाप लागली होती. "चालताना दम लागतो म्हणते. पाय सुजलेत. पण बोलते आहे ताई, चांगली बोलते आहे. इथल्या दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी तपासलं. बाळ हलतंय. अॅम्बुलन्स बोलावली आहे, नंदुरबारला नेतात."

"बाळ हलतंय," रंजिताने मॅडमना सांगितलं. तिने डोळे पुसले. मॅडमनी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि बाकीचं त्याच बोलल्या. अतिका स्टुलावर बसून ओढणीने तोंड झाकून घेत होती. काउंटरसमोरच्या माणसाला काहीच कळलं नाही. पण बाईमाणसं रडताहेत हे बघून तो आपली पावती मागायचा थांबला.

दुपार उतरली तेव्हा दुरुस्ती झाली होती. शिबिरांचे अडकून पडलेले सगळे मेसेज रंजिताने सोडले आणि काळ्या खिडकीत बघत बसली. दिला, पोचला. दिला, पोचला. काही जागी थांबले, तिथे खरोखरच रेंज नव्हती. तेही आता स्पष्ट लिहून येत होतं. त्या नावांना सुकराम स्वतः गाठणार होता. फार दिवसांनी एखाद्याने खरं बोलावं तशा त्या ओळी तिला ऐकाव्याशा वाटत होत्या.

मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हे असंच चालू राहू दे. आता नाही घाबरत मी."

"नको मॅडम. यात लोकांची नावं दिसतात, आजार दिसतात. कुणीही वाचेल. एवढं करते की एक जरी नंबर वगळला तरी ते लाल अक्षरात तुमच्यासमोर येईल. आणि पोचल्याशिवाय हिरवी खूण नाही."

"बरं."

"मॅडम, चूक माझी होती. तुम्ही दुसरं कुणाला काम दिलंत तरी..."

"रंजिता," मॅडम म्हणाल्या, "ती म्हातारी आली आणि तुम्ही प्रिंटर टाकून उठलात. मी नसते उठले. माझ्या मते रेंजच नव्हती." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "प्रिंटर मात्र अजून उघडाच आहे."

रंजिताला हसू आलं. सकाळपासूनचं पहिलं.

प्रकाशाला घरी पोचली तेव्हा सुंदरबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला तांदळातला खडा लांबून दिसायचा आणि सुनेचा चेहराही.

"काय व्हयनं व? इतला उशीर काब्र?"

रंजिता तिच्या शेजारी पाय सोडून बसली आणि जमेल तसं सांगत गेली. लायब्ररी, डीबग हे शब्द तिने वगळलेच. सांगितलं ते एवढंच, की नंबर मराठीत होता म्हणून यंत्राला वाचता आला नाही.

सुंदरबाईने सूप खाली ठेवलं. "मराठीमा व्हता म्हनीसन? मी तं मराठीच वाचस. माले दावतीस तं मी सांगतू."

ते ऐकून रंजिता हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, थांबेचनात.

"आते काब्र रडस? सापडनी ना ती?"

"सापडनी, मावशी." सासूला ती मावशीच म्हणायची.

"मंग? रड. पन पयले पानी पी ले."

सासूने स्वतः उठून माठातलं पाणी आणून दिलं. रंजिताने सगळा तांब्या संपवला. सकाळपासून ती पाणी प्यायलीच नव्हती.

दोन दिवसांनी ती नंदुरबारला गेली. जायची काही गरज नव्हती. सुकरामचा फोन रोज येत होता. दोन पिशव्या रक्त चढवलं, चेहऱ्यावर रंग आला, बाळ ठीक. तरी गेली. बायकांच्या वॉर्डात गर्दी होती, खाटांच्या मध्ये नातेवाईक जेवत होते. सुकराम दाराशीच भेटला आणि खिडकीजवळच्या खाटेपाशी घेऊन गेला. मांडीखाली उशी घेऊन एक किरकोळ, सावळी पोर भिंतीला टेकून बसली होती. पायाशी जान्या होता, तिचा नवरा, तिच्याहून दोनेक वर्षांनी मोठा असेल.

सुकरामने भिलीत काहीतरी सांगितलं. फुलीबाईने रंजिताकडे पाहिलं. जान्याने खिशातून मोबाईल काढून पुढे केला.

"हे आलं परवा," तो म्हणाला. "इथं आल्यावर. काय आहे?"

रंजिताने वाचलं. आपलेच शब्द होते. "फुलीबाई, तुमच्या रक्ताची तपासणी झाली. रक्त फार कमी आहे. वाट न पाहता आजच दवाखान्यात या."

जान्याने विचार केला. "आलो ना," तो म्हणाला.

"आलात," रंजिता म्हणाली. "उशिरा सांगितलं आम्ही."

सुकरामने ते भिलीत सांगितलं की नाही, कोण जाणे. फुलीबाई नवऱ्याकडे बघून हळूच काहीतरी बोलली. तो उठून उभा राहिला. मग तिने दोन्ही हातांनी पोट सावरत पाय जवळ ओढले, खाटेवरची सुरकुतलेली चादर तळहाताने सपाट केली आणि त्या मोकळ्या जागेवर दोनदा हात थोपटला. पाहुणीला उभं ठेवायचं नसतं.

रंजिता बसली.